भित्र्याची साक्ष

पुणे

चि. मैत्रेयी,

तुझं पत्र मिळालं. जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझरच्या दोन फ्लॅशमन-कादंबऱ्या वाचून तू संतापलीस, हे वाचून मला बरंच वाटलं. ही पुस्तकं अजिबात न संतापता वाचून संपवणारा वाचक एकतर फार निबर असतो, नाहीतर फार भाबडा. पहिल्या कादंबरीत कथानायक एका अफगाण नर्तकीवर बलात्कार करतो आणि पुढची शेकडो पानं आपल्याला हसवत राहतो. सत्तावन्नच्या उठावावरच्या कादंबरीत हाच गृहस्थ झाशीच्या राणीशी आपलं प्रेमप्रकरण चवीने सांगतो. असली पुस्तकं घरात ठेवावीत तरी का, असं तू विचारतेस. आणि तुझ्या दादाचं म्हणणं, सगळी गंमत आहे, मनावर काय घेतेस! मला दोघांचंही पटत नाही. पुस्तकं रद्दीत घालू नकोस आणि गंमत म्हणून सोडूनही देऊ नकोस. तू कायदा शिकते आहेस. साक्षीदाराचा जबाब तपासावा तशी ती तपास. फ्रेझरला स्वतःला हे कितपत अभिप्रेत होतं कोण जाणे, पण ती तशी वाचली तरच त्यांचा उलगडा होतो, असं मला वाटतं.

रचना मुळातच जबाबाची आहे. टॉमस ह्यूजच्या १८५७ सालच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत रग्बीच्या शाळेतला फ्लॅशमन नावाचा एक दांडगट, लहान पोरांना छळणारा मुलगा आहे. दारू पिऊन सापडल्यावर त्याला शाळेतून काढून टाकतात आणि ह्यूज त्याला तिथेच विसरतो. फ्रेझरने विचारलं, या पोराचं पुढे काय झालं असेल? त्याचं उत्तर असं की तो सैन्यात गेला, जन्मभर जीव वाचवत पळाला, आणि प्रत्येक पळण्यातून त्याला एक पदक मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस, 'सर' हा किताब, ब्रिगेडियर-जनरलचा हुद्दा, सगळं पदरात पडलं. म्हातारपणी, १९०० ते १९०५ च्या दरम्यान, त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या १९६५ साली लेस्टरशरमधल्या एका लिलावात चहाच्या खोक्यात सापडल्या आणि आपण फक्त संपादन करून तळटीपा जोडल्या, असा फ्रेझरचा बहाणा. १९६९ साली पहिलं पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेतले काही परीक्षक खरोखरच फसले आणि त्यांनी ते अस्सल आत्मचरित्र समजून परीक्षणं लिहिली. पुढे २००५ पर्यंत अशी बारा पुस्तकं झाली.

आता २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३२ आठव. सांगीव साक्ष सहसा चालत नाही. पण मेलेल्या माणसाने स्वतःच्या आर्थिक हिताच्या विरुद्ध, किंवा खरं ठरलं तर स्वतःवरच फौजदारी खटला ओढवेल असं काही म्हणून ठेवलं असेल, तर ते ग्राह्य धरतात. तर्क साधा आहे. आपल्याच अंगाशी येईल असं खोटं माणूस सहसा बोलत नाही. फ्लॅशमनच्या सगळ्या आठवणींचं बळ या एका तर्कात आहे. तो जिवंतपणी सगळ्या जगाशी खोटं बोलला आणि आता कागदावर स्वतःविरुद्ध बोलतो आहे. मात्र या नियमाची दुसरी बाजू वाचक विसरतात. जबाबाचा जो भाग साक्षीदाराच्या अंगाशी येतो तेवढाच या सवलतीला पात्र. जिथे तो स्वतःची शेखी मिरवतो तिथे त्याला कसलीच सवलत नाही. फ्लॅशमनचा जबाब या रेषेवर दोन भागांत वाटून घे. तुझा संताप आणि दादाचं हसू, दोन्हींना आपापली जागा सापडेल.

पहिला भाग घे. पहिल्या कादंबरीचा विषय म्हणजे १८३९ ते ४२ चं पहिलं अफगाण युद्ध. त्यातला सेनापती एल्फिन्स्टन मुळात संधिवाताने पांगळा झालेला आणि कुठलाही निर्णय घ्यायला असमर्थ. काबूलमध्ये नोव्हेंबर १८४१ मध्ये ब्रिटिश अधिकारी बर्न्सचा खून झाला, डिसेंबरात ब्रिटिश वकील मॅकनॉटनचा; आणि जानेवारीत साधारण साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. १३ जानेवारी १८४२ ला डॉ. ब्रायडन एकटा जखमी घोड्यावरून तिथे पोचला. हे सगळं इतिहासात आहे. फ्रेझरने त्यात एवढंच केलं की या गोंधळात एक भित्रा माणूस उभा केला. शूर माणसाची नजर शत्रूवर खिळलेली असते, भित्र्याची मात्र चहूकडे भिरभिरते. पळायची वाट कुठे आहे, कोण मूर्ख हुकूम देतो आहे, कोणाच्या मागे लपता येईल, हे सगळं तो टिपतो. एल्फिन्स्टनच्या छावणीतला सावळागोंधळ या नजरेतून जितका लख्ख दिसतो तितका लष्करी अहवालांतून दिसणं अवघड आहे, कारण अहवाल लिहिणाऱ्याला कोणाची तरी अब्रू राखायची असते.

आणि मग कादंबरीतला तो गढीचा प्रसंग. सार्जंट हडसन मूठभर माणसांना घेऊन शेवटपर्यंत झुंजतो आणि मरतो. फ्लॅशमन शरण जाण्यासाठी निशाण उतरवू पाहत असतो. सुटका करायला आलेल्यांना सगळे मेलेले दिसतात आणि एकच माणूस निशाणाला बिलगून पडलेला सापडतो. निष्कर्ष त्यांचे ते काढतात; फ्लॅशमनने फक्त तोंड मिटून राहायचं. मालिकेतली सगळ्यात तल्लख कल्पना मला ही वाटते. कीर्ती कशी घडते? जो उरतो तो सांगतो, आणि ज्याने पाहिलं तो उरत नाही. फ्लॅशमनला खोटं बोलावंच लागत नाही. लोकांना वीर हवा असतो, ते त्याला वीर करून टाकतात. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर खरोखर घडली. सेनापती रॅग्लनचा संदिग्ध हुकूम, तो घेऊन आलेला उतावळा नोलन, एकमेकांचं तोंडही न पाहणारे लूकन आणि कार्डिगन हे मेहुणे, आणि चुकीच्या तोफांवर चालून गेलेले सहाशेसत्तरच्या आसपास घोडेस्वार. या घोटाळ्याचं काही आठवड्यांत टेनिसनच्या कवितेने स्तोत्र झालं. फ्रेझर बिघडलेल्या पोटाचा फ्लॅशमन त्या हल्ल्यात घुसवतो. पण विनोदाचा मोठा वाटा त्याच्या आधीच इतिहासाने उचललेला होता.

तू म्हणशील, म्हणजे शौर्य हा सगळा बनावच, असं लेखकाला म्हणायचं आहे. माझं उत्तर आहे, नाही. आणि तेही पुस्तकांतूनच सिद्ध होतं. कॉनन डॉइलचा ब्रिगेडियर जेरार्ड आठव, तो नेपोलियनचा फुशारकी मारणारा घोडेस्वार. जेरार्ड खरोखर शूर आहे आणि आपण मूर्ख आहोत हे त्याला कळत नाही, म्हणून आपण हसतो. फ्लॅशमन नेमका उलट आहे. तो शूर नाही आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या शौर्याची पारख त्याच्याइतकी कोणालाच नाही. हडसनबद्दल तो लिहितो तेव्हा त्याला त्या माणसाचा राग येतो, कंटाळा येतो, पण हा माणूस अस्सल आहे हे तो दडवत नाही. दडवण्यात त्याचा काही फायदा नसतो आणि कबुलीत तो स्वतःच खुजा ठरतो. म्हणजे पुन्हा स्वतःच्या हिताविरुद्धचं विधान. फ्रेझर विशीच्या आत ब्रह्मदेशात सतराव्या हिंदी डिव्हिजनमध्ये साधा सैनिक म्हणून लढला आणि पुढे त्याने त्या दिवसांच्या गंभीर आठवणीही लिहिल्या. शौर्य ही काय चीज आहे ते त्याने जवळून पाहिलं होतं. ज्याला ते खोटंच वाटतं अशा लेखकाला हडसन लिहिता आला नसता.

आपल्याकडे स्वतःच्या पळण्याची कबुली देणारी अशी साक्ष दुर्मीळ आहे, तरी नाही असं नाही. नाना फडणीसांनी पानिपतावरून आपण कसे जीव घेऊन निघालो हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. आपली ऐतिहासिक कादंबरी मात्र त्या वाटेला क्वचितच गेली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ सालची, 'फ्लॅशमन' १९६९ सालचं. एकाच दशकातल्या या दोन पुस्तकांत निवेदकाची मान केवढ्या वेगळ्या दिशांना वळली आहे बघ. रणजित देसाईंना कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. पण वर पाहणाऱ्याला सिंहासन दिसतं, सिंहासनाखालचा पळापळीचा रस्ता दिसत नाही.

आता जबाबाचा दुसरा भाग, जिथे तुझा राग रास्त आहे. बायकांबद्दल फ्लॅशमन जे जे सांगतो ते सगळं त्याच्या शेखीत जमा होतं. राणी लक्ष्मीबाईंचं प्रकरण त्यातलंच. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले, दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी राणीने जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून घेतलं. त्या भेटीचं वर्णन लँगनेच नंतर छापलं आहे. राणी पडद्याआडून आपली कैफियत मांडते आहे आणि समोर वकील बसला आहे. एखाद्या क्षणी पडदा सरकला म्हणून त्याला ती ओझरती दिसली, एवढंच. याच्या शेजारी फ्लॅशमनची कहाणी ठेव. ती कादंबरीकाराची कल्पना आहे, आणि ज्याच्या तोंडी घातली आहे तो या विषयातला नामांकित बढाईखोर. कुठल्याही न्यायाधीशाने हा भाग जबाबातून वगळला असता. तूही वगळ, आणि राणीची अब्रू फ्लॅशमनच्या हाती आहे असं समजून घाबरू नकोस. लक्षात घे, तिच्या हिमतीबद्दल मात्र तो कुठे हात आखडता घेत नाही.

नर्तकीचं प्रकरण याहून अवघड आहे. तिथे फ्लॅशमन स्वतःविरुद्ध फौजदारी गुन्हाच कबूल करतो, म्हणजे नियमाने ते विधान ग्राह्य. मग चुकतं कुठे? चुकतं ते कादंबरीच्या न्यायासनात. निवेदक निर्लज्ज आहे, हे समजतं. पण कादंबरी त्या स्त्रीला पुढे फक्त सूड घ्यायला आलेली खलनायिका म्हणून परत आणते, आणि आपल्याला भीती वाटावी ती फ्लॅशमनसाठी. हा निवेदकाचा दोष म्हणून लेखकाला सोडून देता येत नाही. काही समीक्षक म्हणतात की नायक नीच आहे हे ठसवण्यासाठीच तो प्रसंग आहे. असेल, पण नीचपणा ठसवायला त्या बाईला मुकं ठेवण्याची गरज नव्हती. इथे फ्रेझर हरला, असं मी स्वच्छ म्हणेन.

शेवटचा आक्षेप तू मांडला नाहीस, पण पुढेमागे मांडशील. फ्रेझर स्वतः साम्राज्याचा अभिमानी होता आणि उतारवयात त्याने तसं उघड लिहिलं. मग त्याची पुस्तकं साम्राज्याची भलामणच करतात का? काही पानं करतातही. पण लेखकाचं मत आणि साक्षीदाराचा जबाब एकमेकांच्या मुठीत नसतात. तिसऱ्या कादंबरीतलं गुलामांचं जहाज, किंवा १८६० साली लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळलेला पेकिंगचा उन्हाळी राजवाडा वाचून साम्राज्याविषयी प्रेम दाटून येणारा वाचक विरळा. मला खटकतं ते निराळंच. त्या तळटीपा, ज्या मला फार आवडतात, सगळ्या लिहिणाऱ्यांच्या लिखाणावर उभ्या आहेत. काबूलहून निघालेले बारा हजार बाजारबुणगे बहुतेक हिंदुस्थानी होते. फौजेतही गोरे थोडे, हिंदी शिपाईच जास्त. त्यांच्यातल्या जवळपास कोणीच काही लिहून ठेवलं नाही, म्हणून त्यांना तळटीप नाही. भित्रा असला तरी फ्लॅशमन साहेब आहे. घोडा, ओळख आणि नशीब असलेल्या माणसाचं भय त्याला माहीत आहे. पायी चालणाऱ्याचं माहीत नाही.

ते भय कुठे सापडतं, सांगते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत गेले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यावरची कत्तल, लपून काढलेले दिवस, मिळवलेलं सगळं वाटेत लुटलं जाणं, हे त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये कसलाही आव न आणता लिहिलं, आणि चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. गोडसे भटजी घाबरलेले आहेत आणि तसं सांगतात. त्यांना पदक मिळायचं नव्हतं, म्हणून लपवण्यासारखंही काही नव्हतं. राणीबद्दल त्यांनी लिहिलेलं आधी वाच, दत्तात्रय बळवंत पारसनिसांचं १८९४ चं चरित्र त्याच्याजवळ ठेव, आणि मग फ्लॅशमनची सत्तावन्नची कादंबरी पुन्हा उघड. हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रसंगाच्या समासात एवढंच लिही, हे विधान त्याच्या अंगाशी येतं की त्याची शेखी वाढवतं. ते झालं की गुलामांच्या जहाजाचं पुस्तक घे. बारांत मला ते सगळ्यात चांगलं वाटतं. दादाला म्हणावं, त्यानेही तेच घ्यावं, आणि कुठे कुठे हसू आलं ते मला कळवावं.

तुझी,
मावशी