वेळ होता, मग वाचन का थांबलं?

नाचणगावहून या वेळी एकाच लिफाफ्यातून बरीच पत्रं आली. लिहिणाऱ्यांनी आधी आपसांत चर्चा केलेली दिसते, कारण विषय सगळ्यांचा एकच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिवसाची घडी मोडली, छंद सुटले, आणि सगळं सुरळीत झाल्यावरही ते पूर्ववत झाले नाहीत, असं का? मानसोपचाराच्या माझ्या कामात आजही असे लोक भेटतात, ज्यांची तक्रार त्या वर्षापासूनची आहे. म्हणून ही पत्रं सावकाश वाचली. जागेअभावी त्यांतली पाच घेतो.

मी पुलगाव स्टेशनवरून वर्ध्याला रोज अप-डाऊन करायचो. जाता-येता गाडीत वाचायचो, महिन्याला दोन पुस्तकं तरी व्हायची. लॉकडाऊनमध्ये दिवसभर घरी होतो. वाटलं, राहिलेली सगळी वाचून काढू. एकही पूर्ण झालं नाही. पुढे ड्युटी सुरू झाली, पण पॅसेंजर बंद होती म्हणून मोटारसायकलनं जाऊ लागलो, आजही तसाच जातो. वाचन सुटलं ते सुटलंच. मी आळशी झालो का?

नाही. तुमचं वाचन त्या गाडीच्या खुंटीला टांगलेलं होतं. ठरलेल्या वेळी गाडीत बसायचं, उतरायचं स्टेशन येईपर्यंत उठायचं नाही, आणि तेवढा वेळ घरचं कुणी हाक मारणार नाही, ऑफिसचंही कुणी बोलावणार नाही. ही सोय तुम्ही केलेली नव्हती, रेल्वेच्या वेळापत्रकानं करून दिली होती. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि खुंटीच निघाली. पुस्तकं घरात होती, पण ती हातात घेण्याची वेळ कोणती, हे सांगणारं काही उरलं नाही.

मोकळ्या वेळाबद्दल आपला समज असा असतो की तो जितका जास्त, तितका छंद फुलतो. हा समज तपासून पाहिला गेला आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गिरणीगाव होतं. १९२९-३० च्या मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी तिथं जाऊन लोकांचे दिवस बारकाईनं टिपले. त्यांचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात कामगारांचं वाचनालय होतं. हाती सगळा दिवस मोकळा, पुस्तकाचं शुल्कही माफ, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. सकाळपासून काय केलं हे विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. पगार थांबला होता, आणि त्याच्याबरोबर दिवसाचे तुकडे पाडणारा भोंगाही थांबला होता.

हे नाचणगावच्या लोकांना परकं वाटायला नको. शेजारच्या पुलगावची कापडगिरणी चालू होती तेव्हा किती घरांचं जेवण, झोप, भजन आणि पत्त्यांचा डाव पाळ्यांवर ठरत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. गिरणी बंद झाल्यावर संध्याकाळचं काय झालं, हेही विचारा. लॉकडाऊनमध्ये तोच अनुभव एकाच आठवड्यात सगळ्यांच्या वाट्याला आला.

आता आठवून पाहा, त्या दिवसांत घरात नेमानं काय व्हायचं? दूरदर्शननं २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं, सकाळी ९ ला आणि रात्री ९ ला. कितीतरी घरांत अंघोळ आणि जेवण त्या दोन वेळांभोवती जमू लागलं. भक्ती आणि जुन्या आठवणी त्यात होत्याच, पण विस्कटलेल्या दिवसाला दोन ठाम वेळा मिळाल्या, हेही मला तितकंच मोठं कारण वाटतं.

आणखी एक उदाहरण आपल्याच वर्धा जिल्ह्यात राहिलेल्या विनोबांचं आहे. ते १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं त्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो लिहून घेतला. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं झालं. तुरुंगात वेळ सगळ्यांनाच होता. इथं वार ठरलेला होता, ऐकणारे ठरलेले होते, लिहिणारा समोर बसलेला होता.

तुम्हाला गाडी परत धरता येत असेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी धरा. ते जमत नसेल तर मोटारसायकल लावल्यावर आत जाण्यापूर्वीचा पाव तास पुस्तकाला द्या, रोज त्याच बाकावर बसून. किती पानं झाली ते मोजू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर काहींसाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा दोन महिने होईपर्यंत स्वतःला आळशी म्हणू नका.

लॉकडाऊनमध्ये लोक केक शिकले, चित्रं काढू लागले, गच्चीवर भाजी लावली. माझं तर होतं ते विणकामही सुटलं. घरचे म्हणतात, तेव्हा तुला वेळच वेळ होता. खरंच होता का हो?

नव्हता, ताई. आणि हे तुम्ही घरच्यांना ठामपणे सांगावं असं मला वाटतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, जात होती. पुरुषांपैकी जे थोडेफार घरकाम करत, त्यांची ९७ मिनिटं. ही परिस्थिती लॉकडाऊनच्या आधीची. त्यानंतर मुलं घरी, नवरा घरी, चहा चार वेळा, जेवणाची वेळ प्रत्येकाची निराळी, शिवाय भाजी धुणं, पिशव्या धुणं, दाराची कडी पुसणं. पूर्वी दुपारी सगळे बाहेर गेल्यावर जो तासभर घर शांत असायचं, त्यात तुमचं विणकाम होत असणार. तोच तास गेला. मारिएन्थालमध्येही हेच दिसलं होतं. पुरुषांचा दिवस रिकामा झाला, बायकांचा झाला नाही, उलट कमी पैशांत घर भागवायचं काम वाढलं.

दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात शेवटी ओझरती आली आहे, तिला मी जास्त महत्त्व देईन. तुम्ही लिहिता, त्या वर्षी पापड-कुरडया, सरगुंडे एकटीनंच केले. गुढीपाडवा २५ मार्चला होता, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. त्यानंतर उन्हाळकामाचे सगळे दिवस दार लावून गेले. शेजारणी जमून लाट्या लाटतात तेव्हा पापड होतात, आणि त्याबरोबर सासर-माहेरचं, सुखदुःखाचं बोलणंही होतं. बायकांना दवाखान्यात न जाता मिळणारा तो फार मोठा आधार आहे. त्या उन्हाळ्यात काम उरलं आणि आधार गेला. थकवा तिथूनही आला असेल.

विणकाम पुन्हा सुरू करायचं तर आधी तो तास परत मिळवावा लागेल. घरातल्या प्रत्येकाला दुपारचं एकेक काम कायमचं वाटून द्या. मदत म्हणून नाही, त्याचं काम म्हणून. आणि विणायला एकटीनं बसू नका. जिच्याबरोबर बसाल ती दुसऱ्या दिवशी बोलवायला येईल.

आम्ही शेतकरी. आमचा दिवस काही बदलला नाही, वावरात जात होतो, येत होतो. कापूस मात्र घरात पडून होता. पण २०२० चा उन्हाळा आठवायला गेलं तर काही आठवतच नाही. वय ४८. स्मरणशक्तीचा आजार तर नाही?

इतर गोष्टी आठवत असतील तर तसं समजायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये रूथ ऑग्डेन यांनी त्या काळात केलेल्या पाहणीत ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं की वेळेचा वेग बदलल्यासारखा वाटतो, कुणाला भरभर तर कुणाला रखडत. आपण महिने आठवतो ते त्यांतल्या ठळक दिवसांवरून: लग्न, आठवडी बाजार, रामनवमीची शोभायात्रा, १४ एप्रिलची मिरवणूक. त्या वर्षी हे सगळं घरातल्या घरात झालं किंवा झालंच नाही. खुणाच नसल्यानं दिवस एकमेकांत मिसळून गेले.

त्यात काळजी होती. १ मेच्या यादीत वर्धा जिल्हा हिरव्या झोनमध्ये होता, रोग अजून दूर वाटत होता, पण खरेदी रखडलेली, घरात कापसाचा ढीग, उन्हाचा कडाका, आगीची भीती आणि पुढ्यात खरिपाचं बियाणं. मन सतत एकाच घोरात असलं की बाकीचं नीट टिपलं जात नाही. तुमचा दिवस बदलला नाही असं तुम्ही लिहिता. मला वाटतं तो बराच बदलला होता. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, इतकंच.

मुलगा तेव्हा सातवीत होता. शाळेचं सगळं मोबाईलवर आलं. तेव्हापासून रात्री दोन-तीन वाजता झोपतो. आता कॉलेजात आहे. रागावून झालं, मोबाईल काढून घेऊन झालं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पाचवी ते आठवीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती २७ जानेवारी २०२१ पासून, आणि ते वर्ग पुन्हा बंदही झाले. सकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं हे वाढत्या वयात झोपेचं सगळ्यात मोठं वळण असतं. तेच इतका काळ नव्हतं. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहान पुंजका आपलं घड्याळ चालवतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते रोज जुळवून घेतो. सकाळचं ऊन मिळालं तर हे घड्याळ पुढे सरकतं, रात्रीचा प्रखर उजेड ते मागे ओढतो. किशोरवयात ते मुळातच थोडं मागे असतं. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या २०२० च्या पाहणीत मोठी माणसं लॉकडाऊनमध्ये थोडी जास्त झोपली, पण झोपेचा दर्जा घसरल्याचं त्यांनी सांगितलं. नुसत्या तासांनी भागत नाही.

म्हणून झोपण्याच्या वेळेवरून भांडू नका, उठण्याची वेळ ठरवा. सात तर सात, रविवारीही सात. उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर, दूध आणायला किंवा मैदानावर. दुपारची झोप बंद. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, आणि तुमचाही तिथंच. चार-पाच दिवस तो चिडचिडा राहील, मग झोप आपोआप अलीकडे येऊ लागेल.

डोळे मात्र तपासून घ्या. चीनमधल्या एका मोठ्या शालेय तपासणीत सहा वर्षांच्या मुलांमध्ये जवळचंच दिसण्याचा दोष २०१५ ते २०१९ दरम्यान कधीही ५.७ टक्क्यांवर गेला नव्हता. २०२० मध्ये तो २१.५ टक्के निघाला. धाकटं भावंड असेल तर त्याला रोज दोन तास बाहेर खेळू द्या.

आमचं भजनी मंडळ आहे. गुरुवारी प्रार्थना, मग भजन. कोरोनात बंद झालं. पुढे सुरू झालं, पण मले जावंसंच वाटत नाही. मृदंगवाला दुसऱ्या लाटेत गेला. मुलगा म्हणतो, आता वय झालं, घरी आराम करा.

काका, जावंसं न वाटणं वयामुळे आलेलं नाही. ज्याच्या ठेक्यावर वर्षानुवर्षं म्हटलं त्याची जागा रिकामी दिसते, ते तुम्हाला सोसत नाही. त्या दिवसांत अंत्ययात्रेला मोजकीच माणसं जाऊ शकत होती. दहा दिवस घरी येऊन बसणारे नव्हते, गावानं मिळून रडणं झालं नाही. असं दुःख आत राहतं आणि पुढे “नको वाटतं” एवढंच म्हणतं.

माझी सूचना ऐका. मंडळाला सांगून एक गुरुवार त्यांच्या नावानं करा. त्यांच्या घरच्यांना बोलवा, त्यांच्या आवडीची भजनं घ्या. तुम्ही म्हटलं नाही, नुसते बसलात तरी चालेल. न्यायला कुणीतरी घरी यावं, असं ठरवून घ्या. पहिल्या दोन-तीन खेपा आपल्या पायांनी जाणं अवघड असतं. आणि मुलाला हे पत्र वाचायला द्या. आरामानं हे बरं होणार नाही.

भूक मेली असेल, पहाटे तीनलाच जाग येत असेल, किंवा जगण्यात काही राम नाही असं मनात येत असेल, तर मात्र गुरुवारची वाट पाहू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. जाणं जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि रात्री-अपरात्रीही कुणीतरी फोन उचलतं.