अंदमानला निघताय? औषधांची पिशवी आधी भरा

सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी एकदा तरी पाहावी, अशी आपल्या भागातील अनेक वडीलधाऱ्यांची इच्छा असते. मुले हौसेने तिकिटे काढतात. आईवडिलांच्या औषधांची आठवण मात्र निघताना होते.

रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्याव्यात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, मुक्काम वाढतो. औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. इन्सुलिन विमानाच्या सामानात देऊ नये. तेथे ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, बोटीने जातात. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

कुंभार पिंपळगावच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना तेथील दमट हवेत थकवा लवकर येतो. दुपारी सावलीत बसावे, उकळलेले किंवा सीलबंद पाणी प्यावे. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कारण डास आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: परतल्यावर ताप आला तर तो प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नका. मलेरियाचा ताप डास चावल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही येतो. डॉक्टरांना पहिले वाक्य सांगा, “आम्ही अंदमानला जाऊन आलो.” रक्ताची कोणती तपासणी करायची, हे त्यावरून ठरते.