समजात गुणसूत्रांचे विभाजन आणि सिकलसेलचा बीजदोष

बीजदोषाची कल्पना आपणांस नवी नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असे सूक्ष्म भेद केले असून सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे दोन प्रकार सांगितले आहेत. हा दोष एका अपत्यात उतरतो आणि दुसऱ्यात का उतरत नाही, याचा उलगडा आधुनिक पेशीविज्ञानाने केला आहे. दारव्ह्यासारख्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास तो माहीत असणे अगत्याचे आहे, कारण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. नागपुरातील शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे निरीक्षण १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. हा विकार केवळ आदिवासी बांधवांपुरता आहे, हा समज चुकीचा आहे.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते. शुक्र वा स्त्रीबीज तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते. त्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार झालेली असते. पूर्वावस्थेत समजात गुणसूत्रे एकमेकांस शोधून लांबीभर जुळतात व प्रथिनांची जाळी त्यांना साखळीच्या चेनसारखी बांधून ठेवते. याच वेळी त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. पुढे ही जाळी सुटते, तरी अदलाबदलीच्या जागी जोडी अडकून राहते. हे अडकणेच महत्त्वाचे, कारण त्यामुळे तुर्कतंतूंचा दोन्ही बाजूंचा ताण समतोल राहतो व जोडीदार विरुद्ध ध्रुवांकडे जातात. दुसऱ्या विभाजनात गुणसूत्राच्या दोन प्रती विलग होतात.

स्त्रीमध्ये ही जोडणी ती स्वतः गर्भावस्थेत असतानाच होते आणि स्त्रीबीज त्या अवस्थेत कित्येक वर्षे थांबून राहते. वय वाढते तशी ही बांधणी सैल होते व जोडी नीट विलग न होण्याचा संभव वाढतो. २१ व्या गुणसूत्राच्या बाबतीत असे घडल्यास डाउन सिंड्रोम होतो.

सिकलसेलमध्ये मात्र विभाजन बिनचूक असते. दोष ११ व्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात असतो. तेथे सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. वाहक व्यक्तीच्या जोडीतील एक गुणसूत्र निर्दोष व एक सदोष असल्याने निम्म्या बीजांत दोष जातो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते.

येथे "प्रत्येक गर्भधारणेत" हे शब्द रुग्णाच्या नातलगांना वारंवार सांगावे लागतात. "एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशेब आम्ही पुष्कळदा ऐकतो. विभाजन मागचे काही लक्षात ठेवत नाही. चार अपत्ये असलेल्या अशा दांपत्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांच्या घरी एकही बाधित अपत्य नसते, आणि मग "आमच्या घराण्यात असे काही नाही" असे ठामपणे सांगितले जाते. बाधित मुलाच्या निरोगी भावंडांत तीनपैकी दोन वाहक असण्याची शक्यता असते, म्हणून विवाहापूर्वी त्यांची तपासणी अवश्य व्हावी.

घुलनशीलता चाचणीने सिकल हिमोग्लोबिन असल्याचे कळते, पण वाहक व रुग्ण यांतील भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी करावी. जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर ही चाचणी त्याच्या बाबतीत नकारात्मक येते, तरीही अपत्यास गंभीर विकार होऊ शकतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी व समुपदेशन यांवरच भर आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंस एक विनंती. पांडुता दिसली की लोह व मंडूर कल्प मागितले जातात. सिकलसेलच्या रुग्णात लोहाची कमतरता रक्ततपासणीने सिद्ध झाल्याशिवाय ते देऊ नयेत. रुग्णाचे हायड्रॉक्सीयुरिया चालू असल्यास ते परस्पर बंद करण्याचा सल्ला देऊ नये. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे वा अर्धांगाची लक्षणे दिसल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.