निष्काळजी कारभारी व जमीनमालकाचे उपाय

नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई-पुण्यास राहणारे पुष्कळ जमीनधारक आपली गांवची शेती कारभाऱ्याच्या हातीं सोंपवितात. कारभारी चोख असेल तर चिंता नाहीं. परंतु बांध फुटला, वाफसा निघून गेला, सारा थकला आणि हिशेब मागतांच “पुढच्या सुगीस देतों” असें उत्तर येऊं लागलें, म्हणजे मालकानें काय करावें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कारभाऱ्याचें कर्तव्य.— कारभारी हा कायद्याच्या दृष्टीनें मालकाचा मुखत्यार होय. भारतीय कराराचा कायदा, १८७२, कलम २१२ अन्वयें त्यानें वाजवी दक्षतेनें काम केलें पाहिजे. हयगयीच्या प्रत्यक्ष परिणामाची भरपाई त्याजकडून मागतां येते. पंप नादुरुस्त ठेवल्यामुळें ऊंस वाळला, तर उसाचें नुकसान मागतां येईल. त्या पैशांतून घ्यावयाची दुसरी जमीन हुकली, हें नुकसान मागतां येणार नाहीं. मागणी होतांच हिशेब देणें त्याजवर कलम २१३ अन्वयें बंधनकारक आहे.

मागणी व मुदत.— तोंडी तगादे व्यर्थ होत. हिशेबाची मागणी लेखी करावी व पोंच जपून ठेवावी. मुदतीचा कायदा, १९६३, याप्रमाणें हयगयीबद्दलचा दावा ती मालकास कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. मिळालेल्या पैशाअडक्याचा हिशेब न दिल्याबद्दलच्या दाव्यास, मागणी नाकारल्यापासून अथवा मागणीच झाली नसल्यास मुखत्यारी संपल्यापासून, तितकीच मुदत आहे.

अधिकार काढून घेणें.— वाजवी पूर्वसूचना देऊन मुखत्यारी रद्द करतां येते. मात्र मालमत्तेंत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असल्यास कलम २०२ आड येतें. मुखत्यारपत्र नोंदलेलें असल्यास रद्दपत्रही नोंदवावें. कलम २०८ अन्वयें मुखत्यारी रद्द झाल्याचें तिऱ्हाइतास कळेपर्यंत त्याच्यापुरती ती संपत नाहीं. यास्तव सोसायटी, साखर कारखाना, अडत्या व वाटेकरी यांस लेखी कळवावें. नाहीं तर पैसा जुन्याच हातीं जात राहील.

सर्वांत मोठा धोका.— बुडालें पीक पुढल्या वर्षीं येतें, पण वहिवाट गेली तर ती परत मिळविणें कठीण. पश्चिम महाराष्ट्रांतील १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ४ प्रमाणें दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणारा, कांहीं अपवाद वगळून, कूळ मानला जातो. मजुरीवरील चाकर अपवादांत येतो. पिकाच्या हिश्शावर राबणारा येत नाहीं. कारभाऱ्यानें परस्पर वाटेकरी ठेवला, तर कुळाचा वाद उभा राहूं शकतो, आणि तो दिवाणी न्यायालयांत नव्हे, तर तहसीलदारापुढें चालतो. विदर्भ व मराठवाडा यांचे कुळकायदे निराळे आहेत. म्हणून सातबारा दरवर्षीं पाहावा, फेरफाराच्या नोटिशीवरील हरकत मुदतींत नोंदवावी, आणि २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतावर जाऊन स्वतः करावी.

फौजदारी.— नुसता आळस हा गुन्हा नव्हे. मालकाचा पैसा अप्रामाणिकपणें गिळला असल्यास भारतीय न्याय संहितेचें कलम ३१६ (१ जुलै २०२४ पासून अमलांत) लागू पडतें. पुरावा नसतां फिर्यादीची धमकी देऊं नये.

नवा कारभारी नेमतांना कामें, मेहनताना व हिशेबाची तारीख लेखी ठरवावी. विक्री, गहाण व वाट्यानें देण्याचा अधिकार देऊं नये. आणि वर्षांतून दोनदा, पेरणीस व सुगीस, मालकानें स्वतः बांधावर उभें राहावें.