नवा पाडा आणि जुन्याची उजळणी

नवा पाडा पाठ होताच मागील पाड्यात मूल अडखळू लागते, हा अनुभव शिक्षकांच्या परिचयाचा आहे. अशा मुलास निष्काळजी ठरविण्यापूर्वी शिकण्याची क्रिया कशी घडते हे पाहणे इष्ट होय.

शिकणे म्हणजे मेंदूतील मज्जापेशींच्या परस्पर जोडण्यांचे बळ बदलणे. त्याच जोडण्यांवर नवा धडा उमटला, तर जुना पुसला जाण्याचा संभव असतो. १९८९ साली मॅक्‌क्लॉस्की व कोहेन या संशोधकांनी अशा जोडण्यांच्या संगणकीय जाळ्यास प्रथम एक मिळविण्याच्या व मागाहून केवळ दोन मिळविण्याच्या बेरजा शिकविल्या. दुसऱ्या येऊ लागताच पहिल्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

मनुष्याची स्मृती सहसा अशी ढासळत नाही. १९९५ साली मॅक्‌लेलंड, मॅक्‌नॉटन व ओ'रायली यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार याचे कारण मेंदूतील श्रमविभाग हे आहे. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवी गोष्ट त्वरित टिपतो. मेंदूचे बाह्यपटल ती सावकाश, जुन्या ज्ञानात मिसळत, मुरवून घेते. धावताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी एकत्र चेततात, त्या पुढील झोपेतही एकत्र चेततात, असे १९९४ साली आढळले. मेंदू जणू निजेतही उजळणी करतो.

यास्तव सातचा पाडा शिकविताना चार, पाच व सहाचे प्रश्न मधूनमधून विचारावेत. उजळणी परीक्षेच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. ती रोजच्या पाठाचाच भाग असावी.