चालती व्हॅन एकाएकी बंद पडली तर...



आपल्या भागातला रुग्ण परळला टाटा, केईएम किंवा वाडिया रुग्णालयात न्यायचा म्हटला, की पुष्कळदा मारुतीची व्हॅनच काढली जाते. ही व्हॅन १९८४ साली आली, पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. २०१० साली ईको आली. अशी गाडी लालबागच्या पुलावर वा दादरच्या गर्दीत एकदम गप झाली, दिवे गेले, हॉर्न वाजेना, की माणूस गांगरतो आणि पहिला भेटेल त्याच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घेऊन बसतो. म्हणून दोष कसा हुडकावा ते आज पाहू.

आधी मूळ गोष्ट. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन एकदा सुरू झाले, की विजेवाचून चालते. पेट्रोल किंवा सीएनजीच्या व्हॅनला मात्र प्रत्येक ठिणगीला वीज लागते. वीज तुटली, की इंजिन त्याच क्षणी थांबते.

पहिले काम माणसांचे. इंजिन बंद पडताच ब्रेक जड होतो; घाबरू नका, जोर लावून दाबा. गती आहे तोवर गाडी डाव्या कडेला घ्या. गाडी उभी राहीपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. माणसे फुटपाथच्या बाजूने उतरवा. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नका, लांब व्हा.

आता चार प्रश्न विचारा :

१) सगळेच एकदम गेले काय? मग दोष जिथून सगळ्यांना वीज जाते तिथेच असणार. चावी बंद करून बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहा. सैल असेल, पांढरी भुकटी धरली असेल, तर साफ करून आवळा. मग अर्थची वायर व मुख्य फ्यूज पाहा. फ्यूज जळला असेल तर त्या जागी तार घालू नका. वायरिंग पेट घेईल. हेडलाइट, हॉर्न चालतात, पण चावी फिरवूनही मीटरमधले दिवे लागत नाहीत, तर चावीच्या स्विचवर संशय घ्या.

२) आधी दिवे मंद होत गेले काय? मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा लागला होता काय? मग बॅटरी चार्ज होत नव्हती. पट्टा तुटला की सैल आहे ते पाहा, नंतर अल्टरनेटर. चांगली बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता साडेतेरा ते साडेचौदा हवेत. ते नसतील तर नवी बॅटरीही थोड्या वेळात उतरेल.

३) दिवे ठीक, सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही? तर वीज नव्हे, इंधन किंवा ठिणगी पाहा. सीएनजी संपला असेल तर पेट्रोलवर घ्या. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावताच पंपाचा क्षणभर घूं आवाज येतो. तो नसेल तर पंपाचा फ्यूज व रिले तपासा.

४) गाडी पाण्यात गेली होती काय? परळ-दादरच्या मधला हिंदमाताचा सखल भाग पावसात तुंबतो. तिथे बंद पडली तर सेल्फ मुळीच मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शेकड्यातले काम हजारांवर जाते. गाडी ओढून न्या.

अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची सवय काहींना आहे. इंजेक्शनच्या गाडीत हे करू देऊ नका; व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट जळू शकते.

फिटरला "गाडी बंद पडली" एवढेच सांगू नका. आधी काय गेले, मग काय गेले, ते क्रमाने सांगा. निम्मे निदान त्यातच होते. आणि रुग्ण घेऊन निघण्याच्या आदल्या दिवशी टर्मिनल, पट्टा व चार्जिंग तपासून घ्या. उसाला पाणी सोडण्याआधी आपण मोटार पाहतोच ना, तसेच हे.