शुश्रूषेचा पाठ : खाली पडलेला चिमटा

गेल्या पंधरवड्यात शिवाजी पेठेतील एका आजारी बंधूंच्या समाचारास आम्ही गेलो होतो. शस्त्रक्रियेनंतर ते नुकतेच घरी आले होते, व त्यांची सून पायाच्या जखमेची पट्टी बदलीत होती. मुलीचा हात हलका, सेवा मनापासूनची. इतक्यात तिच्या हातचा चिमटा फरशीवर पडला. तिने तो उचलून पदरास पुसला व पुन्हा जखमेकडे नेला. आम्ही ‘थांब, बाई!’ असे म्हणताच ती म्हणाली, ‘फरशी सकाळीच पुसली आहे, पाळकसाहेब.’

तेव्हा आम्ही तिला मल्कोवालची हकीकत सांगितली. डॉक्टर हाफकिन ह्यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली, व इ. स. १८९७ च्या १० जानेवारीस ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे इ. स. १९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातील मल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्व दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, व हाफकिनसाहेबांस कामावरून दूर केले गेले.

परंतु पुरावा काय सांगत होता? ते एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर चार बाटल्यांच्या ८८ जणांस काहीच झाले नाही. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत मुंबईपासून वाढत आले असते, तर उघडतेवेळी दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. आणि बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला, असे साक्षीत आले. शास्त्रज्ञांनी हे सर्व जुळवून दाखविले, तेव्हा कोठे इ. स. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे लागली! तो चिमटा उचलणारा मनुष्य काही दुष्ट नव्हता. त्यालाही तो स्वच्छच दिसला असेल.

धनुर्वाताची बीजे मातीत असतात, व साध्या उकळण्याने ती खात्रीने मरत नाहीत. म्हणून इस्पितळात हत्यारे दाबाच्या वाफेने १२१ अंशांवर तापवितात. घरी ते साधत नाही. यास्तव पडलेली वस्तू बाजूस ठेवावी व निर्जंतुक सामानाचे नवे पाकीट फोडावे. त्याआधी साबणाने वाहत्या पाण्याखाली ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके बहुधा राहून जातात. नळ नसल्यास दुसऱ्याने तांब्याने पाणी घालावे. हात पदरास न पुसता धुतलेल्या कोरड्या फडक्यास पुसावेत.

सूनबाईने तसे केले, आणि जाळीच्या कापडाची घडी केवळ कडेस धरून जखमेवर ठेविली. जखम लाल व गरम होऊ लागल्यास, पू आल्यास, ताप चढल्यास किंवा जबडा ताठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, हेही आम्ही तिला सांगितले, व धनुर्वाताची सुई केव्हा घेतली होती ते विचारले. घरात कोणासच आठवेना. दुसऱ्या दिवशी मुलगा कागद घेऊन डॉक्टरांना विचारावयास गेला.